तुकड्यातुकड्यांचं तोंड

मंगळवेढ्याचं स्थळ मोडावं म्हणून मीच ते चित्र दिवाणखान्यात टांगलं. आप्पा म्हणाले होते, "सिद्धेश्वरी, हे शेवटचं स्थळ. जमलं तर मुकाट्यानं लग्न. न्हाय जमलं तर जा बाई पुण्याला, शिक चित्रकला." आप्पांचा शब्द म्हणजे शब्द. मग काय, माळ्यावरून माझं सगळ्यात भयाण चित्र काढलं. नुसती तुटकी तोंडं. कुठं एक डोळा, कुठं अर्धे ओठ, एका तोंडाला तर नाक-डोळे काहीच नाहीत. पोरगी वेडी आहे म्हणतील आणि पळतील!

पाहुणे आले. मुलगा मंजुनाथ मोबाइलमधून मान वर काढीना. त्याचे वडील गुरुसिद्धप्पा, ज्वारीचे मोठे व्यापारी, उप्पीट खाता खाता चित्राकडं बघून म्हणाले, "हे काय वो? आरसा फुटला का काय?"

आप्पांना घाम फुटला. "मॉडर्न हाय ते. गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी हाय. व्हय की न्हाय गं?"

"नाही," मी म्हणाले.

घ्या! आता उठतीलच म्हणून मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात मुलाची आई, नीलम्मा, उठून चित्रापाशी गेली. आल्यापासून बाई एक शब्द बोलली नव्हती. बराच वेळ बघत राहिली. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "गर्दी न्हाय ही. एकच बाई हाय की. हे तोंड सासऱ्यापुढचं, डोळे खाली. हे पाव्हण्यांपुढचं, हसतंय. आन् हे..." तिनं कोऱ्या तोंडावर बोट ठेवलं. "हे एकटी असतानाचं. तितं काय बी उरलेलं न्हाय."

ते चित्र माझ्या आईचं होतं. हे मी कुणालाच, अगदी आईलाही सांगितलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभी होती, तोंडभर हसत. मला रडूच आलं. वाटलं, सुटले! जिला एवढं कळतं ती दुसऱ्याच्या पोरीला त्यात कशाला ओढेल?

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी ऱ्हाते की त्यात." तिनं माझा हात गच्च धरला. "लई एकटी हाय बग मी त्या घरात. आजपातुर कुणाला कळलं न्हवतं. तुला कळतंय."

आणि वळून मोठ्यानं म्हणाली, "पोरगी पसंत हाय. खण-नारळ आणलाय मी."

मला पाटावर बसवलं. थांबा म्हणेपर्यंत नीलम्मा ओटी भरायला पुढ्यात आलीसुद्धा. ओटीतला नारळ खाली पडणं लई वाईट, हे आमच्याकडं पोरींना लहानपणापासून सांगतात. म्हटलं, पडू दे! हात सोडला की झालं. नीलम्मानं तांदूळ घातले, नारळ घातला, आणि माझ्याच मेल्या हातांनी पदर घट्ट धरला.

"हस की जरा, पाहुणे बघतायत," आई कानाशी म्हणाली.

मी हसले.