सुपातला उखर्डू

मी एक जुनं सूप आहे. बांबूच्या कामट्यांचं, कडेला एका जागी तारेनं शिवलेलं. मित्रांनो, सुपाला कसली आलीय कहाणी, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पण मी जे पाहिलं, त्यानं माझ्या कामट्या अजून थरथरतात.

पिंपळनेरच्या मोतीलाल बुरुडानं मला विणलं. कोकिळाबाईनं मला बाजारात घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून जळगावला आणलं. ती तिथल्या एका शिशुघरात आया आहे. ज्यांना आईबाप नाहीत अशी तान्ही लेकरं तिथं राहतात. ज्वारी पाखडायची, डाळ घोळायची, हे माझं काम. तिच्या हातात मी असं वाजायचं, की शेजारच्या बाया म्हणायच्या, "काय सूप शे माय तुनं!" मी फुगून जायचं.

मग ते पोर आलं. डावा पाय आत वळलेला, अंग तापानं फणफणलेलं. कागदावर नाव ठेवलं प्रेमराज. त्याच्या खाटेवरची आधीची दोन लेकरं दगावली होती. डॉक्टर औषध देत होते, पण कोकिळाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका सकाळी तिनं ज्वारी ओतून मला रिकामं केलं आणि त्या पोराला माझ्यात ठेवलं! मी हबकलं. माझ्यात दाणे असतात, श्वास घेणारं कधी काही नव्हतं. त्याहून मोठा धक्का पुढं होता. तिनं मला मागच्या उकिरड्यावर नेलं आणि लेकरासकट तिथं टेकवलं. पाठ फिरवली. चालायला लागली. अगं बाई, ही चालली की काय? ओरडावं तर मला तोंड नाही.

तेवढ्यात ती वळली, जणू आत्ताच सापडलं तसं पोराला उचलून छातीशी धरलं अन् म्हणाली, "उकिरड्यावर सापडना मले. टाकेल पोऱ्याले मरण बी इचारत नही. उखर्डू नाव तुनं!"

खानदेशात हे जुनंच आहे. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं नव्या लेकराला असं टाकून उचलतात आणि उकिरड्यावरचा म्हणून उखर्डू नाव ठेवतात. पोर जगलं. औषधानं का उकिरड्यानं, ते मला विचारू नका.

दत्तक घ्यायला इथली जोडपी यायची, त्याचा पाय पाहायची आणि शेजारच्या पाळण्याकडं वळायची. शेवटी इटलीतल्या मार्ता नावाच्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं फोटो पाहून हो म्हटलं. मग कागद सुरू झाले. बाप रे! दिल्लीचं ना-हरकत पत्र, कलेक्टरसाहेबांचा आदेश, पासपोर्ट, व्हिसा. हा कागद त्या कागदाची वाट पाहत बसलेला. एक हातात येईस्तोवर दुसऱ्याची मुदत संपलेली. फोटोतलं पोर टकलं, समोरचं केसाळ. साहेब म्हणे, "हा तोच कशावरून?" एक लेकरू आईकडं द्यायचं, त्याला इतके शिक्के? मी खुंटीवर लटकल्या जागी थक्क.

त्यात मार्ताशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. मधे दुभाषी बाई. शिशुघराच्या मॅनेजर सारिकाताईंनी बजावलं, "कोकिळाबाई, तुम्ही फक्त हसायचं." पण कोकिळाबाईला राहवतंय होय! कौतुकानं बोलून गेली, "लई गुणी पोऱ्या शे. मी त्याले उकिरड्यावर टाकं, म्हणून वाचना!"

दुभाषीनं जसंच्या तसं सांगितलं: उकिरड्यावर टाकलं, म्हणून वाचला. मार्ताचा हात तोंडावर गेला. पडदा काळा झाला.

फाईल थांबली. आयानं बाळ कचऱ्यात फेकलं, अशी तक्रार आली. चौकशी लागली. पोराला दुसऱ्या संस्थेत हलवलं, तर सगळे कागद पहिल्यापासून. आणि मार्ता तोवर थांबेल का, कोणाला माहीत! सारिकाताईंनी कोकिळाबाईला बाजूला घेतलं. "मावशी, असं झालंच नाही म्हणा. दुभाषीची चूक म्हणा."

"मी खोटं बोलू? ते उघडं पडनं तर कोण अडकी? पोऱ्याच ना!"

चौकशीला सरकारकडून गिरधर साहेब आले. म्हणाले, "आणा ते सूप." मला टेबलावर ठेवलं, आरोपीसारखं. साहेबांनी माझ्या काठावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "माझ्या सख्ख्या काकांचं नाव उखर्डू आहे, अक्का."

"मंग सोडा ना भाऊ त्याले!"

"मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही. बठ्ठं, सगळं सांगा. टाकल्यावर पुढं काय करतात, तेही सांगा."

तिनं सांगितलं, त्यांनी लिहिलं. ते लिहिलेलं दिल्लीला गेलं, तिथून इटलीला. पुन्हा वाट. पोराचा वळलेला पाय सरळ करायला घातलेलं प्लास्टर निघालं, जाड बूट आले, पाळणा धरून ते चालायला लागलं. मार्ताकडून चकार शब्द नाही. कोकिळाबाई भाकरीचं ताट सरकवून ठेवायची. "मना तोंडनं पोऱ्यानी माय गयी," एवढंच म्हणायची.

आणि एका दुपारी दारात रिक्षा थांबली. मार्ता उतरली! नवऱ्याच्या हातात कागदांची जाड पिशवी, सगळे शिक्के बसलेली. तिच्या हातात मात्र ज्वारी, बाजारातून आणलेली. आम्ही सगळे पाहतच राहिलो. टाकलेलं लेकरू उचलणारीचं होतं, आणि आई धान्य देऊन ते विकत घेते, तेव्हा रिवाज पुरा होतो. साहेबांनी तेही लिहिलं होतं, आणि ह्या बाईनं ते वाचलं होतं. मला खुंटीवरून काढलं. मार्तानं माझ्यात ज्वारी ओतली.

कोकिळाबाईचा हात पुढं येईना. दाणे घेतले की पोर दुसऱ्याचं.

"मावशी, घ्या ना," सारिकाताई म्हणाल्या. ती चौकट धरून उभी, जणू पाय रोवलेले. मग ते पोरच लंगडत आलं, बुटासकट माझ्यात उभं राहिलं आणि दोन्ही हातांनी ज्वारी उधळली.

"आरे ये मस्तीखोर, अन्न शे ते!" कोकिळाबाई सवयीनं खाली वाकली. जमिनीवरचे दाणे भराभर वेचून पदरात घेतले. आणि थबकली. पदराकडं पाहिलं. दाणे घेतले गेले होते.

तिनं पोराला उचललं, त्याच्या बुटातली ज्वारी झटकली, मार्ताच्या कडेवर दिलं आणि आत निघून गेली.

मित्रांनो, त्या शिशुघरात अजून लेकरं आहेत. मी खुंटीवरून रोज ऐकतं, अमकी सही राहिली, तमके साहेब रजेवर. तुम्ही मोठे व्हाल. कोणी साहेब, कोणी मॅडम. तुमच्या टेबलावर अशी फाईल आली तर जे समजत नाही ते खुशाल विचारा. विचारायलाच हवं. पण उत्तर मिळालं की सही करा. कागद ठेवला तसा राहतो हो. लेकराला तिकडं दात येतात, पाय फुटतात, दारात येईल त्या बाईला ते आई म्हणायला लागतं. फाईलवर बसू नका, बाबांनो. खाली लेकरू असतं.