मिशा पुसणारे आठ

तिने लिफाफा दातांनीच फोडला. कात्री समोर होती, पण धीर निघेना. कुठल्या उंदराला दोन महिने काय टोचलं, ते आतल्या कागदावर होतं. प्रयोग संपेपर्यंत तिला ते कळता कामा नये, म्हणून मार्गदर्शक मॅडमनी लिफाफा स्वतःच्या कपाटात कोंडला होता.

काहींना तरतरी आणणारं औषध, काहींना गुंगी आणणारं, काहींना दोन्ही एकदम आणि उरलेल्या आठांना नुसतं मिठाचं पाणी. औषध द्यायचं ते ठिपक्यांच्या खोलीत. शेजारच्या पट्ट्यांच्या खोलीत दिवसाआड सगळ्यांनाच नुसतं पाणी टोचायचं. शेवटी मधलं दार उघडायचं आणि उंदीर कुठे रमतो ते पाहायचं. दोन्ही औषधंवाले ठिपक्यांत सगळ्यांत जास्त रमले होते. तिने टाळी वाजवली. मग मिठाच्या पाण्याचे आकडे पाहिले आणि ती मटकन खाली बसली. तेही ठिपक्यांतच! ज्यांना काही मिळालंच नाही ते कशाला भुलले? याच आठांशी ताडून बाकीच्यांचं खरंखोटं ठरणार होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पाण्यात गेलं, तेही मिठाच्या.

पिंजऱ्यांची निगा राखणारे मामा दारात घुटमळत होते.

"मामा, खरं सांगा. या आठांना तुम्ही काही खायला घालत होतात?"

"छे! नियम म्हणजे नियम." मामांनी मान खाजवली. "नुसतं जरा कानामागे कुरवाळायचो."

"याच आठांना? कुणाला काय दिलंय ते मलासुद्धा माहीत नव्हतं!"

"त्यात काय कळायचंय, ताई? सुई दिली की कुणी धावत सुटतो, कुणी ढिम्म बसतो. दोन्हीवाला आधी बसतो, मग सुटतो. आणि जो मिशा पुसत बसला, त्याला बिचाऱ्याला काही मिळालेलं नसतं. पट्ट्यांच्या दिवशी सगळ्यांनाच पाणी, तेव्हा आपली तक्रार नाही. पण ठिपक्यांच्या दिवशी बाकीच्यांची चैन आणि यांना फुकटची सुई? हा कुठला न्याय?"

तिला रडू येत होतं. पण मामांचा चेहरा इतका गंभीर होता की हसूच फुटलं. मॅडमना कळलं तेव्हा त्या तर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि मग म्हणाल्या, "नवे उंदीर, सगळं पहिल्यापासून. या वेळी पाचवा गटही घ्या: पाणी आणि मामा."

पुन्हा दोन महिने. मोजणी यंत्राकडे दिली. पाचव्या गटाला मामा घड्याळ लावून एक मिनिट कुरवाळत. बाकीच्यांपुढे हात पाठीशी बांधून उभे राहत, आणि कुणी मिशा पुसू लागला की छताकडे बघत. तीही शेजारी उभी असायची, उंदरांकडे बघत.

शेवटच्या दिवशी यंत्रातून कागद निघाला. सात नंबरचा उंदीर निम्मा वेळ ठिपक्यांत, निम्मा पट्ट्यांत. कशालाच भुलला नव्हता. तिने सुस्कारा सोडला, कागद वहीत चिकटवला, वही मिटली. मग उठून तिने सात नंबरचं झाकण उघडलं आणि त्याच्या कानामागे बोट फिरवलं. मग अकरा नंबर. मग सोळा.

"ताई," मामा हळूच म्हणाले, "लिफाफा अजून फोडायचाय."

"फोडू की," ती म्हणाली. "आधी हे आठ होऊ देत."

मामांनी पाठीमागचे हात सोडले आणि न विचारता एकवीस नंबरचं झाकण उघडलं.