सोळा पंचाण्णवची बंदूक

"सोळा डॉलर पंचाण्णव सेंटला बंदूक! आणि तीही पोस्टमन दारात आणून टाकायचा," कॉफीच्या टेबलाशी म्हातारा लॉयल कुरकुरत होता. "आता तेवढ्यात धड काडतुसांची पेटी येत नाही. वर सरकारी कागदांवर सह्या करून बोटं दुखतात."

"तुला कशाला हवीय बंदूक? बदक मांडीवर येऊन बसलं तरी दिसायचं नाही तुला," त्याची बायको म्हणाली.

शेजारी केक कापणारी आर्डिथ हसली नाही. आई हिवाळ्यात गेली, आणि नेब्रास्कातल्या त्या अंगणात आज तिच्या घरातलं सगळं लिलावाला मांडलं होतं. खाटा, बरण्या, शिवणयंत्र. ते न विकता राहिलं तरी आर्डिथला चाललं असतं. वडिलांची एकनळी बंदूक मात्र आज परक्या माणसाच्या गाडीतून लांब जायला हवी होती. फुकट गेली तरी बेहत्तर.

कारण तिचा धाकटा भाऊ, वेंडेल. बायको गेल्यापासून तो इथे जेवायला यायचा, आणि ताट सोडून दारावर टांगलेल्या बंदुकीकडे बघत बसायचा. वडील ती साफ करताना गोळी सुटून गेले, असं सगळे सांगत. तेव्हापासून तिला कोणी हात लावायचा नाही, हे आईचं फर्मान. तरी आज आर्डिथने ती खाली उतरवली, तर नळी लख्ख, आणि तेलाचा ताजा वास.

लिलाववाल्या मर्लिनने बंदूक उंच धरली. दुसऱ्या हातात आईने जपलेलं कॅटलॉगचं पिवळं पान. "तेव्हा सोळा पंचाण्णव, मंडळी! आज दुकानात आठशेच्या खाली मिळणार नाही. कोण म्हणतं आठशे? पाचशे? बरं, दोनशे?"

ओमाहाहून आलेला एक व्यापारी गालातल्या गालात हसत वाट बघत होता. आकडा खाली खाली येत गेला, आणि आर्डिथला वाटलं, वर्षंही त्याच्याबरोबर मागे सरताहेत. पवनचक्कीची करकर कधी थांबली, कळलं नाही.

"सोळा पंचाण्णव," मागून वेंडेल म्हणाला.

सगळ्या अंगणाने हात खिशात घातले. व्यापाऱ्याने बोट उचललं, तर लॉयलने ते हळूच खाली दाबलं. "घरचा माणूस मागतोय, बाबा. इथं त्याच्यावर कोणी बोली चढवत नाही."

जो तो मायेने वेंडेलकडे बघत होता. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी शांत झाला होता. वडिलांचा असाच झाला होता, त्या सकाळी, नाश्त्याला. त्यांनी लोणीसुद्धा मागून घेतलं होतं.

"बोला ना कोणीतरी!" आर्डिथ ओरडली. "लॉयलकाका, तुम्ही तरी!"

लॉयलने बुटांकडे पाहिलं. बुटांत बघण्यासारखं काही नव्हतं.

"आर्डी, राहू दे की," वेंडेल हलकेच म्हणाला. "बाबांची आठवण आहे."

"एक वार," मर्लिन म्हणाला. "दोन वार…"

आर्डिथने सुरी खाली ठेवली, माणसांतून वाट काढत गेली आणि भावाचं मनगट धरलं. ते थंडगार होतं.

"बाबा बंदूक साफ करत नव्हते, वेंडेल," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आणि तूही ती बदकं मारायला नेत नाहीयेस."