बाबांना काही करू देत नाही

हिंमतरावांच्या जिभेवर कॅन्सरची गाठ होती, म्हणून त्यांच्या वतीने चेतन बोलत होता. चेतन त्यांचा एकुलता एक मुलगा, हडपसरला आयटीत. पेशंटसमोर असलं काही बोलायचं नसतं, या आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्याने वडिलांना बाहेर बाकावर बसवलं होतं. हिंमतराव बसले नाहीत. कात्रजला टायरच्या दुकानात आयुष्यभर ट्रकची चाकं उतरवलेला माणूस दाराला कान लावून उभा राहिला.

आत डॉक्टर पूर्वा कॉम्प्युटरला माहिती भरवत होत्या. रेडिएशननंतर पेशंट दोन वर्षं काढेल का, याचा तो अंदाज देतो. वय झालं, गाठीचा आकार झाला, तंबाखू झाली. मग त्यांनी विचारलं, स्वतःची कामं स्वतः करतात का?

"छे," चेतन अभिमानाने म्हणाला. "बाबांना आम्ही काहीच करू देत नाही. सगळं जागेवर."

हे वाक्य त्याने पाहुण्यांसमोर इतक्यांदा म्हटलं होतं, की ते खोटं आहे हे तो स्वतःच विसरला होता. त्याच सकाळी हिंमतरावांनी एकट्याने टेम्पोचं चाक बदललं होतं. चेतन तेव्हा झोपला होता. पण घरंदाज थापा कॉम्प्युटरला कळत नाहीत. माणूस अंथरुणाला खिळलाय असं धरून त्याने आकडा दिला. शंभरात अठरा.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, मग सात आठवड्यांचं पूर्ण रेडिएशन झेपायचं नाही. दुखणं कमी होण्यापुरतं थोडं देऊ. चेतनने डोळे पुसून मान हलवली.

तेवढ्यात दार बिजागरीसकट आत आलं.

हिंमतरावांना बोलायचं पुष्कळ होतं, पण जीभ वळेना, तेव्हा हात वळला. पहिल्या ठोशात चेतनचं नाक फुटलं आणि कीबोर्डवर रक्त उडालं. "बाबा, दमाल," तो म्हणाला, तेव्हा दुसरा बसला. सिक्युरिटीचा हिंदुराव धावत आला. हिंमतरावांनी त्याला पट्ट्याला धरून उचललं आणि बाहेरच्या खुर्च्यांवर फेकलं. रांगेतल्या लोकांनी आपापल्या फायली मांडीवर घेतल्या आणि जागा न सोडता पाहिलं. चेतन टेबलाखाली शिरला. त्याला पाय धरून ओढलं आणि बरगडीत गुडघा घातला. काहीतरी कडकन वाजलं.

डॉक्टर भिंतीला चिकटून बघत होत्या. "अहो, धाप लागतेय का?" त्यांनी विचारलं.

हिंमतरावांनी मान हलवली. नाही.

"छातीत दुखतंय?"

नाही. आणखी एक गुद्दा.

डॉक्टरांनी बाहीने कीबोर्ड पुसला आणि एक उत्तर बदललं.

"छप्पन," त्या म्हणाल्या. "पूर्ण रेडिएशन. सोमवारपासून. आता मुलाला सोडा."

हिंमतरावांनी सोडलं. खुर्ची ओढून बसले. उरलेल्या चव्वेचाळिसांचा विचार त्यांच्या मनात आत्ता कुठे आला. त्यांनी खोलीभर पाहिलं. त्या चव्वेचाळिसांबद्दल कोणाला बडवायचं, ते काही केल्या कळेना.