चार पावलं अलीकडे

ही रेघ आपली नव्हे, हे दोरीकाकांना वीस पावलांवरूनच कळलं. त्यांची रेघ दोरीला धरून सरळ जायची. ही मधेच पोट काढून बसली होती, भरपेट जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखी. आणि होतीही भलत्याच जागी.

गवत कापायचं यंत्र बंद करून ते जवळ गेले. फुटबॉलच्या मैदानाकडेला, क्लबच्या बाकासमोर कोचसाठी एक चौकोन आखलेला असतो. सामना चालू असताना कोचनं काय ओरडायचं ते त्या चौकोनात राहून ओरडायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही, असा नियम. काका तो चौकोन सव्वीस वर्षं आखत आले होते. बाकाच्या टोकापासून एक मीटर, ना बोटभर जास्त ना बोटभर कमी. आज तोच चौकोन डाव्या बाजूला चार पावलं वाढला होता. जुनी रेघ कुणीतरी ब्रशनं खरवडली होती आणि खाडाखोड दिसू नये म्हणून तिथल्या गवतावर हिरवा रंग फवारला होता.

"छान झालाय ना?" मागून मॅनेजर म्हणाले. त्यांच्या हातात एक कागद होता.

"साहेब, हे कुणी केलं?"

"कुणी का करेना. काका, डाव्या बाजूला आपल्या डॉक्टरांची खुर्ची असते. म्हणजे आपला चौकोन पहिल्यापासून तिथवरच. शनिवारी तुम्ही विसरलात आणि रेघ अलीकडे मारलीत. माणूस आहे, चुकतो."

दोरीकाकांनी खिशातली दोरी चाचपली. ही दोरी सतत खिशात असायची म्हणून लोक त्यांना दोरीकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

शनिवारी जे झालं ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी ते रोलरला टेकून उभे होते. सामना बरोबरीत, शेवटची पाच मिनिटं. पाहुण्या संघाचा एक नवा खेळाडू कडेच्या रेघेवरून चेंडू घेऊन वाऱ्यासारखा निघाला. पाठीवर सात नंबर. त्याला गाठणारा कुणी नव्हता. तेवढ्यात आपले कोचसाहेब चौकोनाबाहेर आले, चार पावलं चालत गेले आणि त्यांनी पाय आडवा घातला. सात नंबर गटाराच्या लोखंडी झाकणावर आदळला. त्याचं खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज काकांना झेंड्यापर्यंत ऐकू आला.

पंचांनी कोचला बाहेर काढलं. पण दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तोंडाचा पट्टा सोडला. "मी माझ्या चौकोनातून हललोसुद्धा नाही. हे पोरगंच मैदान सोडून माझ्या अंगावर आलं आणि आता नाटक करतंय." कॅमेरा होता बाकांच्या बरोबर वरच्या मजल्यावर. त्याला लांबचं सगळं दिसे, आपल्या पोटाखालचं दिसत नसे. खेळाडू पडला कुठे हे सगळ्यांना मान्य होतं, झाकण काही हलत नाही. वाद एवढाच, की ते झाकण चौकोनाच्या आत की बाहेर. नव्या रेघेनं ते अलगद आत घेतलं होतं. आत असेल तर साहेब सुटले आणि करंडकाच्या सामन्याला पुन्हा बाकावर. मग ढोंग केलं म्हणून बंदी यायची ती सात नंबरवर, मोडलेल्या हाडासकट.

"उद्या चौकशी समिती येतेय," मॅनेजरनी कागद पुढे केला. "तुम्ही फक्त सही करायची. नजरचुकीनं रेघ अलीकडे मारली गेली, बस. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होणार, क्लबच्या राहत्या खोल्या सोडाव्या लागणार. पण मी बोललोय वर. सही केलीत तर दोघं आहात तोवर खोल्या तुमच्याच."

"आणि नाही केली तर? मी डोळ्यांनी बघितलंय साहेब."

मॅनेजर हसले. "काका, तुमच्या चष्म्याची काच बघा, बाटलीच्या बुडासारखी. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, हे ऐकून समिती हसेल हो."

दोन खोल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होत्या. छत उतरतं, त्यामुळे कपाट एका भिंतीलाच मावे आणि दुसऱ्या भिंतीशी काकांना वाकून बसावं लागे. काका दुपारी घरी आले तेव्हा बायको मोरीत कपडे धूत होती.

त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि त्यांची कामाची पँट पिळत होती.

"मग केलीत सही?"

"अजून नाही. कागद खिशात आहे. अगं, खोल्यांचा प्रश्न आहे."

"खोल्यांचं काय कौतुक सांगताय! सव्वीस वर्षं माझ्या डोक्यावर लोक नाचलेत. गोल झाला की वरनं माती आमटीत. लेक कधीची म्हणतेय, या माझ्याकडे. जरा झोपू तरी शांत."

"तुला जड जाईल, सोडताना."

"जाईल की. तुम्हाला नाही जाणार?" तिनं पँट झटकली. "पण तुमच्या रेघेला वाकडी म्हणणारा तो कोण? उभ्या जन्मात तुम्ही घरात एक खिळा सरळ ठोकला नाहीत, ते मी खपवून घेतलं, का? तर बाहेर हा माणूस सरळ आखतो म्हणून!"

काकांना अशाही वेळी हसू आलं. "पण दाखवणार काय? रेघ खरवडली, वर रंग मारला. काही उरलं नाही."

"उरलं नाही?" बायकोनं बादली तिरकी केली. वरचं पाणी वाहून गेलं. तळाशी पांढरा गाळ बसला होता, खरवडून काढावा असा. "हे बघा. तुमच्या पँटचा चुना तीन पाण्यांत निघत नाही. सव्वीस वर्षं खरवडतेय मी हा गाळ. आणि मैदानातला काय, त्यांनी एका दिवसात काढला?"

काका बादलीकडे बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी गाळात बोट बुडवलं. पहिली कित्येक वर्षं चुना, पुढे पांढरी फक्की, आता डब्यातला रंग. दर सामन्याला त्याच जागी, त्याच दोरीनं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तू पंच व्हायला हवी होतीस."

"घरात आहेच. चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आली. तिघंजण. अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, पायात सपाट बूट, हातात जाड वही. कोच इस्त्रीच्या कपड्यात, हाताची घडी घालून. त्यांचा सहायक कोच सावलीसारखा मागे. सात नंबर झोळीत हात अडकवून एका बाजूला उभा होता. चेहऱ्यावर अजून मिसरूड धड नाही.

मॅनेजरनी नवा चौकोन दाखवला, डॉक्टरांची खुर्ची दाखवली. "आणि आमचे हे काका. यांनी त्या दिवशी नजरचुकीनं... काका, तो कागद द्या."

काकांनी कागद काढला, बाईंना दिला. बाईंनी तो उलटसुलट केला. "यावर सही नाही."

"नाही बाई. करणारही नाही. चूक झाली असती तर बोटं कापून दिली असती. पण रेघ चुकली नव्हती."

मॅनेजरचा चेहरा उतरला. कोच मोठ्यानं हसले. "घ्या! ज्याला चष्म्याशिवाय स्वतःची बायको ओळखू येत नाही, तो माझी रेघ सांगणार!"

"बायकोला मी आवाजावरनं ओळखतो साहेब," काका म्हणाले, "आणि रेघेला जमिनीवरनं. बाई, कुदळ आणलीय. परवानगी असेल तर दोन ठिकाणी खणतो. गवत मीच परत लावीन, मैदानाला ओरखडा राहणार नाही."

बाईंनी मान हलवली.

काका आधी नव्या रेघेपाशी गेले. चौकोनी खाचा मारून त्यांनी गवताचा तुकडा मुळांसकट उचलला. पोळी उलथावी तसा. खाली काळीभोर माती. वीतभर खणलं, तरी काळीच. एक गांडूळ वळवळत निघालं, एवढंच.

"ही रेघ वरवरची आहे," काका म्हणाले. "हिला मुळं नाहीत."

मग दोरी काढून त्यांनी बाकाच्या टोकापासून एक मीटर मोजला, खुंटी मारली, दोरी ताणली. हिरवा रंग फवारलेल्या जागी कुदळ घातली. या वेळी आवाज वेगळा आला. कुदळ कुरकुरली. त्यांनी तुकडा उलटला.

खाली पांढरा पट्टा होता. चार बोटं रुंद, दोन्ही कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ, जमिनीत वीतभर खोल गेलेला. वर रंगाचा पातळ थर, त्याखाली भुसभुशीत फक्की, आणि सगळ्यात तळाला चुना, दगडासारखा घट्ट झालेला.

बाई गुडघ्यावर बसल्या. कपड्यांची पर्वा न करता त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. "हा तळातला कधीचा?"

"मी कामाला लागलो तेव्हाचा. लेक तेव्हा रांगत होती. आता तिची लेक शाळेत जाते." काकांनी दोरीच्या सरळ रेषेत आणखी पाच पावलांवर एक तुकडा उचलला. तिथंही तेच, पांढरं. "सांगाल तिथं खणतो बाई. चौकोनाच्या चारी बाजूंनी असाच आहे. शनिवारी एक दिवस चुकलो म्हणतात. मग बाकीची सव्वीस वर्षंही इथंच कशी चुकलो?"

सात नंबर पुढे आला. त्यानं आधी खड्ड्याकडे बघितलं, मग झाकणाकडे. "चार पावलं," तो पुटपुटला. "चार पावलं लांब आहे. काका, सगळे इतकं ठासून सांगत होते, की मलाच वाटायला लागलं होतं, मीच घुसलो की काय आत."

"तू तुझ्या जागी होतास बाळा," काका म्हणाले. "एक बोटही आत नव्हतास."

पोराचे डोळे भरून आले. त्यानं सगळ्यांकडे पाठ केली.

आणि इथं कोचसाहेबांचा तोल गेला. "याला पुरावा म्हणतात? चुन्याचा पुरावा? ए म्हाताऱ्या, कुणाचं मीठ खातोस रे?" असं ओरडत ते तरातरा चालत आले. पांढरा तुकडा त्यांनी बुटानं लाथाडला, तसेच पुढे गेले आणि वळून काकांकडे बोट नाचवत उभे राहिले. काका जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त दोरी सैल पडू दिली नाही.

बाई सावकाश उठल्या, गुडघे झटकले. "कोचसाहेब, एक सांगा. तुम्ही आत्ता उभे कुठे आहात?"

सगळ्यांनी खाली बघितलं. साहेब जुन्या रेघेबाहेर होते. रागाच्या भरात एक पाय नव्या रेघेच्याही बाहेर गेला होता. दुसरा बूट बरोबर गटाराच्या झाकणावर होता.

आधी सात नंबर हसला, झोळीतला हात धरून, दुखत असताना. मग समितीतले दोघं. मॅनेजरनी खोकल्याचा बहाणा केला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली.

आठवड्यानं निकाल लागला. कोचवर पूर्ण वर्षाची बंदी, मैदानाच्या फाटकाच्या आतही यायचं नाही. क्लबनं जाहीर माफी मागायची. सात नंबरवर कसलाही ठपका नाही. खोल्यांचं काय, ते निकालात नव्हतंच. कपाट लेकीकडे आधीच रवाना झालं होतं.

महिनाअखेरीचा सामना हा काकांचा शेवटचा. सकाळपासून त्यांनी सगळं मैदान आखलं. मधलं वर्तुळ, कोपरे, आणि सगळ्यात शेवटी कोचचा चौकोन. खणलेल्या जागी गवत रुजलं होतं, शिवण दिसत नव्हती. बायको आज पहिल्यांदाच वर बसली होती. सव्वीस वर्षं ती छताखालून सामना ऐकत आली होती. आज पहिल्या रांगेत बसून दोन्ही पाय पायरीवर आपटत होती आणि शेजारणीला सांगत होती, "ती रेघ बघा. ती आमच्या ह्यांची."

काकांनी खिशातून लहान ब्रश काढून हाताशी ठेवला. तो ठेवावाच लागे. दर सामन्याआधी कोचसाहेब ओल्या रेघेवरून बूट घासत आत यायचे. शकुन म्हणायचे त्याला. पुढे सहायकही तेच शिकला. दोघं आत गेले की काका मुकाट्यानं वाकून रेघ सारखी करत.

आज बाकाचा ताबा सहायकाकडे होता. तो पायऱ्यांखालच्या बोगद्यातून बाहेर आला, खेळाडूंशी बोलत, नेहमीच्या चालीनं. रेघेपाशी आला आणि थांबला. त्यानं खाली बघितलं, मग काकांकडे. पँट जराशी वर धरली, पाय उंच उचलला आणि रेघ ओलांडून आत गेला.

काकांनी दोरी गुंडाळून खिशात टाकली. ब्रश तसाच कोरडा होता.