तराजू नंबर चार

परदेशातून शिकायला आलेली ती मुलगी बावीस वर्षांनी विद्यापीठात परतली, ती आपल्या कारखान्यात घडवलेला तराजू घेऊन. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकायला म्हणून तो द्यायचा होताच. पण खरं सांगायचं तर तिला एक गोष्ट विचारायची होती, आणि त्या गोष्टीनं तिला इतकी वर्षं नुसतं छळलं होतं.

तिचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांच्या लेखी जगातल्या निम्म्या दुखण्यांवर एकच औषध, तेलाचा थेंब. लेक बापाच्या वळणावर गेलेली. पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेतला चार नंबरचा तराजू अडखळतोय असं तिला वाटलं, आणि हिनं मोठ्या मायेनं त्याची दांडी ज्या सुरीसारख्या धारेवर झुलते त्या धारेला तेल पाजलं. आता, ज्या तराजूला केसाचं वजन कळतं त्याला तेल म्हणजे विषच! काटा जागचा हलेना. उपकरण बिघडवलं तर शिष्यवृत्ती बंद, असं नियमात स्वच्छ लिहिलं होतं. तिनं बॅग भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर तराजू लख्ख, काटा बरोबर शून्यावर, आणि कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

कोणी केलं असेल? प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या काटेसरांनी तर शक्यच नाही. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. चिमटा सोडून हातानं वजन उचललं की सर सरळ बाहेर काढत. त्यांच्या नकला करून तिनं आजवर कितीतरी जणांना हसवलं होतं. तिचा संशय लॅबवाल्या काकांवर होता, म्हणून आल्या आल्या तिनं त्यांनाच विचारलं.

"मी?" काका हसले. "अहो, मी तेव्हा बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. वही बघा ना. इथं काही फुटलं-मोडलं की ज्याच्या हातून झालं त्यानं स्वतः लिहायचं. अजून तीच पद्धत आहे."

जुनी वही कपाटाच्या तळाशी निघाली. ती तिथंच जमिनीवर फतकल मारून बसली आणि पानं उलटू लागली. तारीख सापडली. बारीक, ताठ अक्षर: 'तराजू चार. धारेला तेल लागलं. साफ केलं. चूक माझी.' खाली काटेसरांची सही.

"प्राध्यापकांच्या खोलीत वर्षभर चेष्टा झाली हो सरांची," काका म्हणाले. "जो तो विचारायचा, काय सर, तराजूला फोडणी दिलीत का? सर आपले गप्प."

"कुठं असतात आता?"

"गेले. तीन वर्षं झाली."

तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या त्या नकलांची लाज वाटली. ज्याचे आभार मानायला एवढ्या लांबून आली, त्याचीच ती इतकी वर्षं टिंगल करत होती.

तेवढ्यात एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. पहिलंच वर्ष, तीही परदेशातून आलेली. हातातल्या ताटलीत सकाळीच लॅबमध्ये आणून ठेवलेल्या नव्या तराजूची वजनं होती, आरशासारखी चकचकीत.

"आज तराजू देण्याचा समारंभ आहे म्हणून मी घासून काढली," ती कशीबशी म्हणाली. "आता त्यांनी मोजलं की सगळंच चुकीचं येतंय. मला घरी पाठवतील का?"

"कशानं घासलीस?" पाहुणीनं डोळे पुसत विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तारेच्या घासणीनं."

"बापरे!" ती उठली. काकांकडून नवी वही मागून घेतली आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'नवा तराजू. वजनं घासली गेली. नवा संच पाठवते. चूक माझी.' खाली सही ठोकली.

समारंभाआधी विभागप्रमुखांनी वही पाहिली आणि भर सभेत कपाळाला हात लावला. "बाई, वजनं तुम्हीच बनवलीत आणि तुम्हीच घासलीत?"

सगळं सभागृह खो-खो हसलं. मागच्या रांगेतली ती मुलगी तेवढी हसली नाही. पाहुणी मान खाली घालून शांत उभी राहिली. सरांना हे वर्षभर ऐकावं लागलं होतं. तिचा हा पहिलाच दिवस होता.