पाव फेरा

या, जरा जवळ सरकून बसा. एका सासऱ्याची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, चार बरण्यांत मावेल एवढी.

पहाटेचे साडेपाच. पानाकाका स्वयंपाकघरात अनवाणी उभे राहून साखरेच्या बरणीचं झाकण फिरवत होते. उघडत नव्हते, नुसतं पाव फेरा ढिलं करत होते. साखर झाली, मग मीठ, मग औषधाची बाटली, शेवटी नळाची चावी. हातात पाना घेऊन चाळीस वर्षं लोकांचे नळ जोडलेला माणूस, म्हणून पानाकाका. झाकण दिसायला घट्ट असावं आणि बोट लागताच सुटावं, एवढा अंदाज देवानं त्यांच्या मनगटात ठेवला होता. ओठांत त्याचंच नाव चालू. काम झालं की पुन्हा अंथरुणात शिरायचं आणि सून उठल्यावर जांभई देत बाहेर यायचं.

सुनेला ल्युपस होता. अंगाची राखण करणारी शक्तीच अंगावर उलटते, कुंपणानं शेत खावं तशी. तिच्या सांध्यांवर तो उतरला होता. सकाळी बोटं सुजायची, मूठ वळायची नाही. आणि ती पुस्तकं बांधणारी, सुटी पानं सुईनं शिवणारी. हात गेले तर सगळंच गेलं. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा यायचा. तीन महिन्यांपूर्वी साखरेची बरणी पोटाशी धरून ती ओट्यापाशी रडताना काकांना दिसली. त्याच आठवड्यात तिच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या आणि काकांचा नेमही. घाई केली नाही त्यांनी. आधी साखर, आठवड्यानं मीठ. श्रेय सगळं गोळ्यांना गेलं, आणि काकांना ते हवंच होतं.

त्या दिवशी दुपारी चार वाजता तपासणी होती. चारपर्यंत बोटं बरीच मोकळी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी एकेक सांधा दाबून पाहिला, मग हात टेबलावर ठेवायला सांगितले. करंगळीकडे कललेली बोटं लाकडावर टेकताच सरळ झाली.

"हाड झिजलेलं नाही. सांध्याभोवतीचे बंध सैल पडलेत, म्हणून बोटं कलतात. सूज ताब्यात ठेवली तर हे हात पुष्कळ वर्षं साथ देतील. रक्ताचा रिपोर्टही बरा आहे. पण मला सकाळचं सांगा. उठल्या उठल्या बरणी उघडते?"

"बोटं आखडतात थोडी, पण झाकण एका झटक्यात निघतं," सून हसून म्हणाली. "बाबा, सांगा ना तुम्ही."

"छान. मग गोळ्या हळूहळू कमी करू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

काकांनी सुनेकडे पाहिलं. अशी ती कितीतरी दिवसांनी हसली होती. उजवा अंगठा त्यांनी डाव्या मुठीत धरला.

"बाई, जरा थांबा."

"काय झालं काका?"

"ती झाकणं मी ढिली करतो. पहाटे."

"रोज?"

"रोज. पाव फेरा."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"काका, तुम्ही माझं मोजमापच बिघडवून ठेवलंत की. गोळ्या आहेत तशाच चालू राहतील. उद्यापासून बरण्यांना हात लावायचा नाही. आणि तुम्ही," त्या सुनेला म्हणाल्या, "रोज सकाळचं लिहून आणा. काय जमलं, काय नाही."

उन्हाचा तिला त्रास व्हायचा, म्हणून रस्त्यानं ती छत्रीखाली चालली. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली,

"मला वाटलं, मी बरी होतेय."

काका छत्रीबाहेरच्या उन्हातून तिच्या बरोबरीनं चालत राहिले.

"औषधाची बाटलीसुद्धा?"

"नळसुद्धा."

"घरातच चोर, आणि मी देवाचे आभार मानत होते."

"ते मान. त्याचं काही चुकलं नाही."

तिनं छत्री थोडी त्यांच्या बाजूला कलती केली.

दुसऱ्या दिवशी काकांना साडेपाचलाच जाग आली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. सहाला स्वयंपाकघरात दिवा लागला. बरणी ओट्यावर सरकली. फडकं ओढल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. मग बराच वेळ काहीच नाही. मग कागदावर पेन्सिल.

ती बरणी छातीशी धरून दारात आली. डोळे कोरडे होते.

"बाबा, लिहून झालं. आता उघडून द्या."

काकांनी उघडून दिली. चहात साखर पडली, आणि बरणी परत त्यांच्यापुढे आली.

"घट्ट लावा हं. उद्या पुन्हा बघायचंय."

काकांनी झाकण फिरवलं. शेवटी मनगट सवयीनं पाव फेरा मागे वळू लागलं. दुसऱ्या हातानं त्यांनी ते धरून ठेवलं.

तुमच्या घरी उद्या सकाळी एखादं झाकण सहज निघालं, तर क्षणभर त्या म्हाताऱ्याची आठवण काढा.